गाणं पुसलं गेलं तेव्हा

नवी पेठेतल्या आमच्या स्टुडिओत लग्नाच्या फिल्म जोडायचं काम आम्ही तिघं करायचो. मी, वीस वर्षं याच कामात असलेले अण्णा, आणि माझ्याच वयाचा एक मित्र. एका सोमवारी माझ्या गावाहून, कुंभारीहून येऊन मशीन सुरू केलं, तर एडिटिंगचा प्रोग्रॅमच बदललेला. मालकांनी आदल्या दिवशी नवी आवृत्ती टाकली होती.

पूर्वी पडद्यावर चित्राची पट्टी वर, आवाजाची खाली असायची. आता पट्ट्याच नव्हत्या; गाणंसुद्धा चित्राच्या एखाद्या तुकड्याला जोडलेलं असायचं. एक तुकडा काढला की पुढचे सगळे आपोआप सरकून चिकटायचे.

"हे काय लहान पोरांचं खेळणं हाय का?" अण्णा खुर्ची मागं सारून म्हणाले. "मी जागा मोकळी ठेवली, तर ती भरणारा हा कोण?"

मित्राला मात्र लई आवडलं. "निम्म्या वेळात काम होतंय की, अण्णा!"

शहरातल्या एडिटरांच्या ग्रुपवरही हेच भांडण. कुणी म्हणे धंदा बुडाला, कुणी म्हणे आता खरी मजा. मी दोघांचं वाचायची आणि दोघांचं पटायचं.

त्याच आठवड्यात मैंदर्गीचं एक कुटुंब फिल्म बघायला येणार होतं. सकाळी पाठवणीच्या प्रसंगातला, कॅमेरा हललेला एक तुकडा मी काढून टाकला. पाहुणे जिना चढत होते, म्हणून पुन्हा तपासलं नाही.

नवरीचे आईवडील शेजारी शेजारी बसले. पाठवणी आली. गाणंच नव्हतं. ते त्या हललेल्या तुकड्याला जोडलेलं होतं, त्याच्याबरोबर पुसलं गेलं होतं. गाण्याखाली दबलेला मांडवातला आवाज तेवढा उरला होता. मुलगी हुंदके देत होती, आणि वडील हलक्या आवाजात कानडीत तिला विचारत होते, "ऊटा माडिद्या?" जेवलीस का?

मी थांबवायला हात पुढं केला. आईनं तो धरला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "मला वाटलं, पोरगी जाताना तुमी एक शब्द बोलला न्हाय. किती दिवस मनात धरून बसले मी."

"मी बोललो व्हय?" वडिलांनी विचारलं. त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं.

त्यांनी तो प्रसंग तीनदा बघितला. गाणं घालू नका, असं बजावून गेले.

"बघा," मित्र म्हणाला, "नव्या प्रोग्रॅमची कमाल!"

"चूक झाली ती," अण्णा म्हणाले. "हिनं सांगितलं नसताना त्या प्रोग्रॅमनं गाणं पुसलं. उद्या सप्तपदीतले मंत्र पुसले तर?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. त्या बाईंचा हात माझ्या मनगटावर होता तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे खरं. पण ते मी ठरवून केलेलं नव्हतं, हेही खरं. अशी कितीतरी माणसं मीच आजवर गाण्याखाली गाडली असतील, हा विचारही डोक्यातून जाईना.

अण्णांनी आपल्या मशीनवर जुनी आवृत्ती परत टाकून घेतली. संध्याकाळी मालकांनी मला विचारलं, "तुला कुठली पाहिजे?"

"उद्या सांगते," म्हटलं. त्याला आता दोन महिने झाले. ते रोज विचारतात.