दुसऱ्यांदा पुसलेली डिस्क

देवळाली कॅम्पाच्या बाजारात नाथा गायधनीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नाथा मूळचा पळशाचा. जवानांच्या घरचे लॅपटॉप, शाळांचे जुनेपाने कॉम्प्युटर, सगळं त्याच्याकडे यायचं. त्याला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. डिस्कचं कुठलंही काम तो माऊसला हात न लावता करायचा. काळा पडदा उघडायचा आणि टकाटक कमांड टाइप करत डिस्कचे भाग पाडायचा, जोडायचा, पुसायचा. गिऱ्हाईक बघत उभं राहिलं की त्याची बोटं आणखी जोरात चालायची.

आशा भोये डिप्लोमाला असताना त्याच्याकडे शिकायला यायची. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची पोर, नाशकात होस्टेलला राहणारी. नाथानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इथं डिस्कला चेहरा नसतो, नुसता नंबर असतो. आणि केबल बदलली की नंबरही बदलतो. म्हणून निवडायच्या आधी यादी दोनदा बघायची. 'क्लीन' म्हटलं की मशीन विचारत नाही, खरंच पुसू का म्हणून."

आशाच्या ओळखीनंच तिचा बाप काळू एकदा दुकानात आला. त्याच्या पाड्यावर दरवर्षी बोहाडा होतो. देवांचे मुखवटे चढवून माणसं रात्रभर सोंगं नाचवतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं. काळूला कॅमेऱ्याचा नाद. वर्षानुवर्षांचा बोहाडा त्यानं एका डिस्कमध्ये साठवला होता. त्यात पाड्यावरच्या मंगळूबाबानं नाचवलेला नरसिंहही होता. मंगळूबाबा आता हयात नव्हता.

"एकाच डिस्कात सगळं हाय, लय भ्या वाटतं," काळू म्हणाला. "ही नवी आणलीय. हिच्यावर उतरवून द्या. आशा म्हनली, सरांकडंच जा."

दोन्ही डिस्क एकाच मापाच्या. काळू बाजारात चक्कर मारायला गेला आणि नाथानं दोन्ही जोडल्या. आधी नवी डिस्क साफ करून तिच्यावर पार्टिशन, म्हणजे साठवायला भाग, बनवायचं होतं. तेवढ्यात शेजारचा सुभेदार गप्पा मारायला आला. नाथानं यादी काढली, त्याच्याकडे बघत हसत नंबर टाकला, क्लीन म्हटलं आणि एंटर दाबलं. मग सहज म्हणून परत यादी काढली, तर काळूची जुनी, भरलेली डिस्क मोकळी दिसत होती.

सुभेदार बोलतच होता. नाथाला ऐकू येईना.

खरं तर तेव्हा काहीच गेलं नव्हतं. त्या कमांडनं फक्त हद्दीच्या खुणा पुसल्या जातात. आतला माल जिथल्या तिथं असतो. डिस्कवर दुसरं काही लिहिलं नाही तर खुणा परत शोधता येतात. नाथानं असलं काम कितीतरी लोकांना करून दिलं होतं. पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ का लागतोय हे सांगावं लागलं असतं. काळू दारात येऊन उभा राहिला आणि नाथाच्या तोंडून निघून गेलं, "दादा, तुमची जुनी डिस्क आधीच गेलेली होती. खराब झालीय."

काळू स्टुलावर बसला. मग म्हणाला, "आशा सांगत व्हती, पुन्यात असली डिस्क उघडून बघनारी मानसं हायेत. तिकडं नेतो."

तिथल्या माणसाला एका नजरेत कळलं असतं की ही डिस्क खराब नाही, कुणीतरी पुसलीय. नाथा घाईनं म्हणाला, "राहू द्या माझ्याकडे. मी आणखी एकदा प्रयत्न करतो."

"तुमचे उपकार व्हतील," काळू हात जोडून म्हणाला आणि पेठच्या गाडीला निघून गेला.

त्यानंतर नाथानं जे केलं ती काही चूक नव्हती. तो शुद्धीवर होता, दुकानात कुणी नव्हतं, आणि या वेळी त्यानं नंबर नीट बघितला. काळूच्या जुन्या डिस्कवर नवं पार्टिशन केलं आणि फॉरमॅट दिला. झटपट होणारा नव्हे, पूर्ण. त्यात डिस्कच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर शून्यं लिहिली जातात, मग आतलं काही कुणालाच परत काढता येत नाही. पडद्यावर टक्के हळूहळू चढत होते. कधीही थांबवता आलं असतं. तो समोर बसून बघत राहिला. मध्ये बायकोचा, सुवर्णाचा, जेवायला येताय ना म्हणून फोन आला. तो भूक नाही म्हणाला.

काळू डिस्क न्यायला आला तेव्हा सोबत शेतातल्या स्ट्रॉबेऱ्या घेऊन आला. काही निघालं नाही असं नाथानं सांगितलं, तरी "तुम्ही लय खटपट केली," म्हणाला. त्या स्ट्रॉबेऱ्या सुवर्णानं कौतुकानं धुऊन ताटलीत ठेवल्या. नाथानं एकही खाल्ली नाही.

काही दिवसांनी आशा दुकानात आली. बापाची ती जुनी डिस्क तिनं काउंटरवर ठेवली.

"सर, मी ही तपासली. डिस्क ठणठणीत आहे. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं आहेत. खराब झालेली डिस्क स्वतःला शून्यं लिहीत नाही ना?"

नाथानं नंबर चुकल्याचं सांगितलं. सांगताना नजर काउंटरच्या काचेवरच होती.

"नंबर माझाही चुकेल कधी," ती म्हणाली. "पण मग पूर्ण फॉरमॅट का केलात?"

उत्तर तिला बहुतेक ठाऊकच असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "बाबा सगळ्यांना सांगतायत, आपल्याच हलगर्जीपणानं गेलं म्हणून. पाड्यावरची माणसं त्यांना वाट्टेल ते बोलतात. मी त्यांना काही सांगणार नाही. मला नाही जमायचं."

नाथा दुसऱ्याच दिवशी पाड्यावर गेला. काळू ओट्यावर बसून एका मुखवट्याला रंग देत होता. नाथाला बघून त्याला आनंदच झाला, त्यानं आत चहा सांगितला. चहा यायच्या आत नाथानं सगळं सांगून टाकलं. काळूनं कुंचला खाली ठेवला.

"पहिल्यांदा पुसलं तवा परत आलं असतं?"

"आलं असतं."

"समदं?"

"सगळं."

काळू ओरडला असता तर नाथाला बरं वाटलं असतं. पण तो उठला, "चला" म्हणाला आणि त्याला मंगळूबाबाच्या घरी घेऊन गेला. मंगळूबाबाची बायको नवसाबाई दारात सुपात नागली पाखडत होती.

"हे आपल्या तोंडानं सांगा तिला," काळू म्हणाला.

नाथानं सांगितलं. तिला डिस्क कळली नाही, फॉरमॅट कळला नाही. तिनं सूप मांडीवर ठेवलं.

"आशानं एकदा त्याचा नरसिंह दावला व्हता मला, भिंतीवर," ती म्हणाली. "औंदा परत दावीन म्हनली व्हती. मंग आता नाय दिसनार?"

"नाही, आजी."

ती पुन्हा पाखडायला लागली. नाथाला बसा कुणी म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. तो उन्हात उभा राहिला आणि मग आपणच निघाला.

पुढे कितीतरी रविवार तो त्या बाजूच्या पाड्यांवर फिरला. ज्यांनी ज्यांनी मोबाईलवर बोहाडा टिपला होता त्यांच्याकडून तुकडे गोळा केले. हललेले, अंधारे, मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं आलेले. एका तुकड्यात क्षणभर नरसिंह पाठमोरा नाचत गेला. मुखवट्याआड कोण हे कुणाला सांगता येईना. नवसाबाईनं पावलांवरून ओळखला. "त्योच हाय," म्हणाली, आणि पुन्हा दावा असं तिनं दोनदा सांगितलं.

हे नाथाला आशानं फोनवर कळवलं. तो तिथं नव्हता. गोळा केलेलं सगळं त्यानं दोन डिस्कवर उतरवून काळूच्या हातात दिलं होतं, तेव्हा काळूनं ते ओट्यावरच घेतलं होतं, आत बोलावलं नव्हतं. बोहाड्याला येऊ का, असं विचारायचं नाथाच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं विचारलं नाही.

दुकान चालू आहे. आता काम करताना तो गिऱ्हाइकाला बाहेर बसायला सांगतो. लोकांना वाटतं, नाथासर हल्ली फार शिष्ट झालेत.