अक्कांच्या मळ्यात हिवाळ्यात भरीत होत नाही

इंदूअक्कांची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. मी जळगावचा, रसायनशास्त्राचा पदवीधर. वडिलांचं अत्तराचं लहानसं दुकान. पिंपळनेरजवळ एका बाईंनी वाईनरी काढली आहे आणि त्यांना प्रयोगशाळा सांभाळायला माणूस हवा आहे, एवढ्या ऐकीव माहितीवर मी साक्रीची एस.टी. पकडली होती. प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून समोर बसलो. अक्कांनी ती उघडूनही पाहिली नाही. त्यांनी दोन झाकलेल्या वाट्या माझ्यापुढे सरकवल्या.

"भाऊ, दोन्हीमा वांगानं भरीत शे. कोनतं गॅसवरनं अन् कोनतं कपाशीना काड्यास्वरनं, सांग. चाखानं नही, नुसता वास लेवाना."

मी वास घेतला. डावीकडचं काड्यांवरचं, हे सांगणं सोपं होतं. पण तरुण वयात माणसाला गप्प बसवत नाही. मी पुढे जोडलं, "त्यातल्या थोड्या काड्या ओल्या असाव्यात." अक्कांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "काड्या ओल्या व्हत्यात का वं?" आतून कुणीतरी कबुली दिली, "थोड्या व्हत्यात, अक्का." मला नोकरी मिळाली. त्याचबरोबर माझ्या नाकाचा गर्वही मला त्याच दिवशी मिळाला, आणि तो पुढे कुणाला किती महागात पडणार होता ते मला तेव्हा कळलं नाही.

अक्कांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कार्याविषयी लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. कार्य सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. अक्कांचे पती, ज्यांना सारा परिसर आबा म्हणत असे, त्यांनी डोंगराच्या उतारावर वाईनच्या द्राक्षांची बाग लावली आणि पहिलं पीक हाती यायच्या आधीच ते गेले. नातेवाईक सांत्वनाला आले ते सल्ला घेऊनच आले. बाग काढा, कांदा लावा, विधवा बाईनं दारूचा धंदा करायचा म्हणजे लोक काय म्हणतील. अक्का तेव्हा शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, कुणाशी वाद घातला नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बागेत जाऊन वेलींना आधाराच्या तारा ओढायला सुरुवात केली. त्या तारांवर आज आसपासच्या पुष्कळ शेतकऱ्यांचे संसार उभे आहेत. ज्या गावात वाईन म्हटलं की बायका पदर नाकाला लावत, तिथल्या मुली आता टाक्यांचं तापमान बघतात, आणि त्यांच्या आया त्याचा दिमाख मिरवतात.

अक्कांच्या स्वभावाविषयी सांगायचं तर आधी माझ्या वडिलांची गोष्ट सांगायला हवी. मी वाईन पीत नाही. आमच्याकडे पहिल्यापासून वास मी घेतो आणि चव अक्का घेतात. त्याही चमचाभरच, आणि वाईन कितीही उत्तम असली तरी औषध घेतल्यासारखं तोंड करतात. तरीही मुलानं अशा ठिकाणी नोकरी करावी हे अब्बांना रुचलं नव्हतं. ते वर्षभर माझ्याशी मोजकंच बोलत होते. एकदा न सांगता ते वाईनरीत येऊन उभे राहिले. मी घाबरलो. अक्कांनी मात्र त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नुकत्याच आंबायला ठेवलेल्या रसाचा पेला त्यांच्यापुढे धरून म्हणाल्या, "अत्तरवाले बाबा, पिऊ नका. तुमचं नाक आमच्यापेक्षा जुनं. याचा वास कसा वाटतो तेवढं सांगा."

अब्बांनी डोळे मिटले. पेला पुन्हा एकदा नाकाशी नेला. मग म्हणाले, "बेटी, इसमें अभी कच्ची पत्ती की बू है. दो-चार दिन और ठहर जाते, तो अच्छा था."

अक्कांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या हंगामात त्या बागेची तोडणी खरोखरच चार दिवस उशिरा केली. अब्बा परत कधी वाईनरीत आले नाहीत, पण त्या संध्याकाळपासून माझ्याशी पूर्वीसारखे बोलू लागले. रमजानात माझ्यापुढे दिवसा कुठलाही पेला यायचा नाही हा नियम अक्कांनी स्वतः केला. मी मागितला नव्हता.

आता भरिताकडे वळतो. अक्कांच्या वाईनरीची कीर्ती वाईनच्या आधी स्वयंपाकामुळे पसरली, हे मी वाईन करणारा माणूस असूनही कबूल करतो. थंडीच्या दिवसांत दर रविवारी संध्याकाळी वाईनरीमागच्या उंचवट्यावर कपाशीच्या वाळल्या काड्यांचे जाळ पेटत. त्यावर हिरवी, हाताएवढी वांगी भाजली जात, मिरची-लसणासह लाकडी भांड्यात ठेचली जात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर पाहुण्यांच्या पानात पडत. धुळ्याहून, नाशिकहून, सुरतेहून माणसं येत. वाईनचा पेला अर्धा राही, भरीत मात्र तिसऱ्यांदा मागितलं जाई. अक्का स्वतः पानांमधून फिरत वाढत. शाळा सोडल्यापासून त्यांना इतकं खूश मी दुसऱ्या कुठल्या कामात पाहिलं नाही.

आमच्या चौथ्या हंगामात तीन नंबरच्या टाकीतल्या वाईनला धुराचा वास यायला लागला. पहिल्या आठवड्यात पुसट होता, नंतर वाढत गेला. त्या टाकीत फक्त काळूभाऊंची द्राक्षं होती. काळूभाऊ हे आमचे शेजारचे बागायतदार. त्यांचा मळा वाईनरीच्या उंचवट्याखालीच, खोलगट जागी. कमी बोलणारा, सरळ माणूस. आबांच्या पाठोपाठ पहिल्यांदा वाईनची द्राक्षं लावली ती त्यांनीच, आणि भावकीची टिंगल सोसून लावली. द्राक्षांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊ लागण्याच्या दिवसांत बागेवर धूर बसला तर तो मण्यात मुरतो आणि वाईनमध्ये उघडा पडतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी त्यांच्या बांधावर गेलो. तिथे कपाशीच्या काड्या जाळल्याची राख होती. माझ्या दृष्टीनं प्रश्न सुटला.

बागायतदारांच्या बैठकीत मी अहवाल वाचला. काळूभाऊंनी बागेशेजारी काड्या जाळल्या, वाईन वाया गेली, आमचं नाव जायची वेळ आली, सबब पुढच्या हंगामापासून त्यांची द्राक्षं घेऊ नयेत. मी हे ज्या सुरात वाचलं तो सूर आठवला की आजही मला लाज वाटते.

काळूभाऊ उभे राहिले. "द्राखं तोडी लिधात, मंग मी आग लाई. पहिले नही." एवढंच बोलले. सभेत कुजबुज झाली, कुणी हसलंही. मग ते म्हणाले, "द्राखं लेवाव नहीत, ते मंग वेली ठेईसन काय करू? तोडी टाकस." आणि निघाले.

अक्कांनी त्यांना दारात थांबवलं. "काळूभाऊ, आठ रोज थांब. तोवर वेलीले हात लावू नको." मग माझ्याकडे वळल्या. "रफिकभाऊ, तू सोता दखं का, त्याले आग लावतांना?"

मी म्हणालो, "राख पाहिली, अक्का."

"राखवर तारीख लिखेल व्हती का?"

फाल्गुन संपत आला होता, पण डोंगराकडे संध्याकाळी गारवा असायचा. रविवारी पाहुणे नव्हते, तरी अक्कांनी उंचवट्यावर नेहमीसारखा जाळ करायला सांगितला, वांगीसुद्धा ठेवायला लावली. मग मला घेऊन त्या खाली काळूभाऊंच्या बागेत गेल्या आणि दोन ओळींच्या मध्ये चक्क मातीत बसल्या. मला हे सगळं पोरकट वाटत होतं. वर धूर निघाला. तो कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत सरळ गेला, तिथे थबकला, आणि मग थंड हवेबरोबर उतारावरून खाली आमच्याकडे यायला लागला. थोड्याच वेळात मला समोरची ओळ दिसेना. तो निघूनही जाईना, खोलगटात साचून राहिला. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सगळंच धुरानं आलं होतं असं मला वाटत नाही.

त्या म्हणाल्या, "दर रविवारे आपन पाव्हनास्ले भरीत चारं, भाऊ. अन् काळूभाऊना द्राखंस्ले धूर."

ज्या नाकानं दोन वाट्यांमधून ओली काडी ओळखली होती, ते नाक दोन महिने त्या धुरात भरीत खात बसलं होतं. आपल्या घरच्या धुराचा वास आपल्याला येत नाही, हे मला त्या मातीत बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी सगळ्या बागायतदारांना बोलावलं आणि वाईनरीत न बसवता थेट काळूभाऊंच्या अंगणात नेलं. आरोप सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर आणि त्यांच्या दारात, असा त्यांचा हिशेब. त्यांनी हात जोडले. "चूक मनी शे. मना चुल्हाना धूर व्हता," असं स्पष्ट सांगितलं. वयानं मोठ्या, शाळेत त्या गावच्या निम्म्या लोकांना छडी दाखवलेल्या अक्का हात जोडून उभ्या आहेत हे पाहून काळूभाऊच गोंधळले आणि त्यांना बसायला घोंगडी शोधू लागले. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. अहवालाची घडी माझ्या खिशात होती. अक्का बोलल्या, प्रकरण मिटलं, आता आपण वेगळं काय बोलायचं, अशी मी माझी समजूत घातली आणि घरी आलो.

तीन नंबरची टाकी अक्कांनी खतखड्ड्यात ओतायला लावली. ती इतर टाक्यांत थोडीथोडी मिसळून खपवता आली असती, तसं मी सुचवलंही होतं. त्यांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं. आणि तेव्हापासून पावसाळ्यानंतरच्या फळछाटणीपासून तोडणी संपेपर्यंत अक्कांच्या मळ्यात जाळ पेटत नाही. म्हणजे ज्या दिवसांत अवघा खानदेश भरिताच्या पार्ट्या करतो, नेमक्या त्या दिवसांत आमच्याकडे शेवभाजी मिळते, डाळ मिळते, भरीत मिळत नाही. पाहुणे कुरकुरतात. कुणी सुचवतं की गावातून भाजून आणा. अक्का म्हणतात, पाहुण्याला थंड भरीत वाढायचं नाही. सुरतेचे काही जुने लोक रुसून यायचे थांबले, त्याचं अक्कांना वाईट वाटलं, पण नियम मोडला नाही. काळूभाऊंच्या वेली मात्र उभ्या राहिल्या. आमची सर्वांत चांगली लाल वाईन आज त्यांच्याच मळ्यातली असते, आणि आता त्यांच्या सुनेनं वरच्या अंगाला नवी बाग धरली आहे.

हा लेख लिहायला घेतला आणि या घटनेपाशी माझी लेखणी अडली. अक्कांच्या मोठेपणाबद्दल लिहायचं, आणि ज्याच्यामुळे ती वेळ आली त्यानं मात्र वीस वर्षं तोंड उघडलं नाही, हे काही खरं नव्हे. गेल्या आठवड्यात मी काळूभाऊंकडे गेलो. ते बांधावर ठिबकच्या नळ्या साफ करत होते. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो आणि एका दमात म्हणालो, "काळूभाऊ, तेव्हा न पाहता तुमच्यावर आळ घेतला. माझं चुकलं."

ते नळी हातात धरूनच वळले. मग हसले.

"साहेब, ते ते कवयच मिटनं. अक्का तवय दोन डाव उनी व्हती."

"दोन वेळा आल्या होत्या?"

"पहिला डाव बठ्ठास्ना मोहरे. दुसरा डाव एकलीच, दुसरा दिन सकाये. म्हने, 'काळूभाऊ, काल मी मन्ही माफी मांगी. रफिकभाऊ बी चुकना, पन त्याले अजून सांगता येत नही. येई तो एक दिन. तोवर त्यान्ही माफी मी मांगस.'" नळीतला गाळ झटकून ते पुढे म्हणाले, "अक्कानी सांगं व्हतं, तुमी येशात. उनात."

मी तिथेच बांधावर बसलो. वीस वर्षं रोज सकाळी अक्का मला भेटत होत्या, चहा देत होत्या, माझ्या मुलींच्या परीक्षांची चौकशी करत होत्या. एकदाही त्यांनी हे मला जाणवू दिलं नाही. त्या वाट बघत होत्या.

अक्का, तुम्हाला दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावं असं आम्हा सर्वांनाच वाटतं, पण माझ्या मागण्यात स्वार्थ आहे, तो लपवत नाही. चुकल्यावर माणसानं आपल्या पायांनी समोरच्याच्या दारात जावं, हे मला आत्ता कुठे जमायला लागलंय. काळूभाऊंचं दार झालं. अजून दोन-तीन दारं राहिली आहेत, आणि तिथेही तुम्ही माझ्याआधी जाऊन आला असाल अशी मला शंका आहे. पण मी जाणार आहे. परत येईन तेव्हा "जाई उना का, भाऊ?" असं विचारायला तुम्ही हव्यात.