फिर्यादी नसलेली चोरी

निवृत्तीनंतर नोकरीतल्या बऱ्याच केसेस एकमेकींत मिसळून गेल्या. कळवण भागातली ही मात्र वेगळी राहिली. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि पुढे आयुष्यभर लिहिले ते पंचनामेच. सांगण्यात काही राहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. नावे देत नाही.

सकाळची हजेरी चालू असताना एक बाई ठाण्यात आली.

"साहेब, माझ्या नवऱ्यानं मोटारीची केबल चोरलीय. कडब्यात लपवलीय. घेऊन जा त्याला."

"मारहाण करतो का?" महिला अंमलदारांनी विचारले.

"मारायला आधी उठता आलं पाहिजे."

पंच बोलावून झडती घेतली. कडब्याच्या गंजीत विहिरीवरच्या मोटारीची केबल मिळाली. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला आणि नवऱ्याला चौकशीसाठी आणले. दारूने माणूस पिवळा पडला होता. दोन्ही हातांनी धरूनही चहा सांडत होता.

"केबल कुठून कापली?"

"तुम्ही म्हणाल तिथून. मला काय आठवत नाय."

"कबुली आली की साहेब," हवालदार म्हणाले.

मला पटेना. केबल चोरणारा ती जाळून आतले तांबे भंगारात विकतो. ही तर नीट वेटोळे करून साडीच्या काठाने बांधलेली. शिवाय कोणाची फिर्याद नाही. हवालदारांना शिवारात पाठवले. केबल गेलेली एकच विहीर सापडली, ती याच घराची. शेजारी त्यांचाच कांदा पाण्यावाचून सुकत होता.

बाईला पुन्हा बोलावले. महिला अंमलदार शेजारी बसल्या.

"ताई, स्वतःचीच केबल कापून नवऱ्याला आत का टाकताय?"

तिने पदराचे टोक कंबरेला खोचले. मग म्हणाली, "माझ्या जावेचा नवरा पण असाच प्यायचा. चोरीत जेलला गेला. सुटला तर जेलच्या दारातच कैद्यांना मदत करणाऱ्या संस्थेची बाई उभी. फुकट उपचाराचं कार्ड काढलं, दारू सोडायच्या दवाखान्यात ठेवलं. आता टेम्पो चालवतो. डब्यात काय देऊ, असं जाऊ त्याला मोठ्यानं विचारते, मला ऐकू जावं म्हणून. मी ह्याला कधी चोरी करू दिली नाय. तिचा चोर बरा झाला अन् माझा सरळ माणूस मरायला लागलाय."

संस्थेच्या बाईंना फोन लावला. त्या नाशिकच्या इंदिरानगरहून हे काम पाहत. "आमचं काम सुटून आलेल्यांसाठी आहे साहेब. पण सरकारी दवाखान्यातला व्यसनमुक्तीचा विभाग कोणालाही घेतो. कार्डालाही जेल लागत नाही. थोरल्या वहिनींना मी सांगितलं होतं, दिरालाही आणा म्हणून."

थोरल्या जावेला बोलावून घेतले. तिने काही लपवले नाही.

"नाय सांगितलं. माझा नवरा आत होता तेव्हा ही तिच्या पोरांना माझ्या दारात खेळू देत नव्हती. चोराचं घर म्हणायची. तिच्याकडं नाय असं एवढं एकच माझ्याकडं होतं."

दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या, तोंडे दोन दिशांना. तेवढ्यात शेजारच्या खोलीत बसवलेला धाकटीचा नवरा खाली कोसळला. अंग झटके देऊ लागले. आम्ही पोलीस नुसते पाहत राहिलो. थोरली धावली.

"कुशीवर करा. तोंडात काय घालू नका. दारू तुटली की होतं असं, माझ्याला पण झालं होतं."

सरकारी जीपमध्येच त्याला दवाखान्यात नेले. थोरली त्याचे डोके धरून बसली होती.

"सोड, मी धरते," धाकटी म्हणाली.

"धर. पण कुशीवर ठेव."

तो वाचला. उपचारासाठी पुढे त्याला नाशिकला ठेवले. कार्डही निघाले. गुन्हा घडलाच नव्हता. धाकटीला खोट्या खबरीबद्दल समज दिली आणि केबल परत केली.

हेवा मी आजवर गुन्ह्याचा हेतू म्हणूनच लिहीत आलो होतो. या केसमध्ये त्याच्या मागे एक साधी गोष्ट निघाली. जेलच्या दारात थोरल्याला मिळालेला उपचार आपल्यालाही मिळू शकतो, हे धाकटीला कोणी सांगितले नव्हते. म्हणून तिला तो चोरीचे बक्षीस वाटला. त्यानंतर पकडलेल्या दारुड्याच्या घरच्यांना मी आधी दवाखान्याचा पत्ता सांगू लागलो.

हेवा मात्र गेला नाही. पुढे त्या गावी बंदोबस्ताला गेलो तेव्हा धाकटी मुद्दाम आडवी आली. नवरा मागे कांद्याला पाणी देत होता.

"बघा साहेब," ती जावेच्या ओट्याकडे पाहत म्हणाली, "तिच्याच्यापेक्षा लवकर सावरला."