धाग्यातली दुसरी गाठ

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. बेळगावातल्या एका कचेरीत कारकून होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बेळगावच्याच शहापूर भागातल्या एका विणकराबद्दल आमच्या गल्लीत एक गोष्ट सांगितली जायची. ती खोटी होती. खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून ती दुरुस्त करायचं काम माझं आहे.

आम्ही चौघे होतो. मी, तो विणकर, एक शिंपी आणि एक एस.टी. कंडक्टर. चौघांनाही रहस्यकथांचं वेड. शनिवारच्या बाजारात जुनी पुस्तकं मिळायची, त्यातलं एक चौघांनी मिळून घ्यायचं. मुखपृष्ठावर कंदील घेतलेली बाई किंवा दारातून आलेला हात असला की कंडक्टर दुसरं पुस्तक बघायचाच नाही.

वाचायची आमची एक पद्धत होती. पुस्तक आणलं की शिंपी शेवटच्या प्रकरणाच्या पानांना कडेला सुईनं दोन भोकं पाडायचा. विणकर आपल्या मागावरचा रेशमी धागा त्यातून ओवायचा आणि गाठ मारायचा. पान फाटू नये म्हणून धागा बोटभर सैल ठेवायचा. मग पुस्तक पाळीपाळीनं चौघांकडे जायचं. सगळ्यांचं वाचून झालं की रविवारी दुपारी शिंप्याच्या दुकानात जमायचं, खुनी कोण ते एकेकानं सांगायचं, आणि मग शिंप्यानं कात्रीनं धागा कापून शेवट मोठ्यानं वाचायचा.

विणकर चौथी शिकलेला. पण त्याचं कधी चुकायचं नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. आम्ही विचारायचो, "कसं कळतं रं तुला?" तो म्हणायचा, "लेखक ज्याच्याकडं बघायचं टाळतोय, त्याच्याकडं बघायचं."

हे बघणं त्याच्या धंद्यातून आलं होतं. यंत्रमागाच्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो. मागावरची माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. त्याची तर त्यावर एवढी हुकमत होती, की निपाणीतल्या एका थिएटरात त्याचं नाव झालं होतं. तिथं दरवर्षी एक जुना हिंदी भुताचा सिनेमा यायचा. बाकी सगळीकडं पडलेला. निपाणीत मात्र लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. पडक्या बंगल्यात रात्री शिलाई मशीन आपोआप चालतं, असला काहीतरी प्रकार. आमचा शिंपी त्या मशीनवरून दिग्दर्शकाला शिव्या घालायचा, "दोरा न्हाय घातलेला आणि शिवतंय!" त्या प्रिंटच्या शेवटच्या रिळाला आवाजच नव्हता. गुपित फुटायची वेळ आणि पडद्यावर नुसती तोंडं हलताहेत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा लोक शिट्ट्या मारायला लागले. तेवढ्यात आमचा विणकर खुर्चीवर उभा राहिला आणि पडद्यावरचं बोलणं मराठीत सांगू लागला. बाईचं बाईच्या आवाजात, म्हाताऱ्याचं खोकत. थिएटर गप्प झालं. शेवटी टाळ्या पडल्या त्या सिनेमाला नव्हत्या. पुढच्या वर्षापासून लोक डोअरकीपरला विचारायचे, "शापूरचा मागवाला आलाय का?" तो आला असेल तरच तिकीट काढायचे. आम्ही बेळगावहून दोन तास एस.टी.त बसून फक्त त्या शेवटच्या रिळासाठी जायचो. परतीच्या गाडीत कंडक्टर त्याला चिडवायचा, "बाईचा आवाज काढतोस तवा तुझ्या बायकोला भ्या वाटत न्हाय का रं मर्दा?" तो लाजून खिडकीबाहेर बघायचा.

मी टाळ्या वाजवायचो. आणि मला वाईटही वाटायचं. चौघांत जास्त शिकलेला मी होतो. इंग्रजी वाचता येत होतं, वर्तमानपत्रात माझी दोन पत्रं छापून आली होती. पण खुनी ओळखताना मी दर रविवारी चुकायचो आणि शिंपी म्हणायचा, "सायेब, तुमचा खुनी लई सज्जन निघाला."

एका पावसाळ्यात पुस्तकाची शेवटची पाळी माझी होती. एक दिवस मी तो धागा ब्लेडनं कापला. गाठ सोडणं शक्यच नव्हतं. विणकराची गाठ तांदळाच्या कणीएवढी असते, मागाच्या फणीतून न अडकता जायला हवी म्हणून. मी शेवट वाचला. मग कापलेली टोकं पुन्हा जोडली, त्याच गाठीनं. मला ती येत होती. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या मागाजवळ बसायचो, तेव्हा त्यानंच शिकवली होती. मी डावखुरा. माझी गाठ त्याच्यापेक्षा उलट्या अंगानं बसायची. तो हसून म्हणायचा, "तुझी गाठ डावी पडती रं. पर धरती मात्र घट्ट." मला ती येते हे आमच्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी बोललो. खुनी म्हणजे मयताचा मेव्हणा. शिंपी आणि कंडक्टर हसले, त्यांनी दुसरीच नावं घेतली. विणकर म्हणाला, "सायबांचं बरोबर हाय. मेव्हणाच." माझं बरोबर आलं म्हणून त्याला झालेला आनंद त्याच्या तोंडावर दिसत होता. तो मला आजही दिसतो.

शिंप्यानं कात्री घेतली आणि थांबला. धागा बोटांवर फिरवून बघितला. "एका धाग्याला दोन गाठी कशा?"

कंडक्टरनं पुस्तक ओढून घेतलं. "कुणीतरी कापून परत बांधलाय."

"ही गाठ आपल्यात कुणाला येती?" शिंपी म्हणाला.

तिघांनी विणकराकडं बघितलं. त्या तिघांत मी होतो.

कंडक्टर म्हणाला, "आत्ता कळलं. म्हणून तुझं कधी चुकत न्हाय व्हय! तीन वर्षं आमाला यड्यात काढलंस."

विणकरानं पुस्तक मागून घेतलं. उजेडाकडं धरून ती दुसरी गाठ बघितली. किती वेळ बघितली ते सांगता येणार नाही, मला तो वेळ फार मोठा वाटला. मग त्यानं वर बघितलं. माझ्याकडं नाही. शिंप्याकडं आणि कंडक्टरकडं बघितलं, आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. शिंप्याच्या कात्रीनं त्यानं धागा कापला, खिशात घातला, पुस्तक खाली ठेवलं आणि चपला घालून गेला. त्याला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. उलट शिंप्यानं "वाचू का?" विचारल्यावर होकारार्थी मान डोलावली. शेवट वाचला गेला. मेव्हणाच होता.

तो पुन्हा दुकानात आला नाही. गोष्ट मात्र कंडक्टरबरोबर गाडीतून निपाणीपर्यंत गेली. पुढच्या वर्षी सिनेमा आला तेव्हा विणकर एकटाच गेला होता, हे मला नंतर कळलं. शेवटच्या रिळाला तो उभा राहिला तर मागून कुणीतरी ओरडलं, "आधीच बघून आलाय, पाठ केलंय त्यानं!" लोक हसले. तो खाली बसला. ते रीळ तसंच मुकं संपलं. त्यानंतर त्याच्या हातात पुस्तक कुणी बघितलं नाही.

शहापूर काही मोठं नाही. आम्ही रस्त्यात भेटायचो. तो "बरं हाय का?" विचारायचा, मी "बरं हाय" म्हणायचो. एवढंच बोलत आम्ही दोघे म्हातारे झालो. आता सांगून काय उपयोग, असं मी दरवर्षी स्वतःला म्हणायचो. मधल्या काळात शिंपी गेला. बोरगावला जाऊन राहिलेला कंडक्टरही गेला. दोघेही तीच खोटी गोष्ट खरी मानून गेले.

गेल्या वर्षी विणकर गेला. तेराव्यानंतर त्याच्या मुलीचा फोन आला, येऊन जा म्हणून. घरात आता माग नाही, त्या जागी मोटारसायकल उभी असते. तिनं चहा दिला आणि एक तंबाखूची डबी माझ्यापुढं ठेवली. डबीत तो धागा होता. रंग उडालेला, पण दोन्ही गाठी जशाच्या तशा.

"काका, ही तुमाला द्या म्हणून सांगितलेलं आप्पांनी."

मी चहाचा कप खाली ठेवला. तो डाव्या हातात होता हे तिनंही बघितलं. मी म्हणालो, "यातली एक गाठ माझी आहे."

"ठावं हाय," ती म्हणाली. "आई लई म्हणायची, सांगा की चार लोकांना, तुमची न्हाय म्हणून. आप्पा म्हणायचे, मी सांगितलं तर त्याचं काय राहील? त्याला सांगू दे. येईल तो."

मी म्हणालो, "मी आलो नाही."

"न्हाय आलासा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. रिकामा कप उचलून आत गेली, परत आली, आणि दाराच्या चौकटीला टेकून तिनं विचारलं, "काका, एक विचारू? त्या पुस्तकात शेवटी खुनी कोण निघाला? आप्पा शेवट ऐकायच्या आदीच उठून आलते. मेव्हणा असणार म्हणायचे. मरेपर्यंत म्हणायचे."

"मेव्हणाच होता."

"म्हंजे बरोबर होतं त्यांचं."

"बरोबर होतं. न वाचता बरोबर होतं."

तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "तुमी रोज ह्याच रस्त्यानं जात हुतासा. एवढं तरी सांगायचं हुतं त्यांना."