कोपरा फाडलेलं कार्ड

आमचा पोस्टमन एरवी दारात टपाल टाकून पुढे जायचा. त्या सोमवारी मात्र तो सायकलवरून उतरला. कार्ड दोन बोटांत धरून म्हणाला, "वहिनी, हे घरात नेऊ नका. नाव तुमचं न्हाई, पण पत्ता तुमचाच हाय."

कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. मयताची खबर असली की आमच्याकडे कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळायचं. असं कार्ड बघितलं की लगेच फाडून टाकायचं, उंबऱ्याच्या आत ठेवायचं नाही.

कार्ड आमच्या पुढच्या खोलीत राहून गेलेल्या बाईचं होतं. तेव्हा आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात एक खोली भाड्यानं दिलेली असायची. गावोगावची पोरं बारावीच्या क्लासला लातूरला यायची आणि कितीतरी जणांच्या आया त्यांना करून घालायला सोबत राहायच्या. ही बाई निलंग्याकडची, माहेर लोह्याजवळचं. मुलीला डॉक्टर करायचं म्हणून नवऱ्याला शेतावर ठेवून आली होती. दिवाळीनंतर त्या दोघी क्लासजवळच्या खोलीत गेल्या. कारण पाणी. नळ आला की कुणाची घागर आधी लागणार, यावरून सासूबाईंचं आणि तिचं एकदा इतकं वाजलं की दुसऱ्या दिवशी तिनं हातगाडीवर सामान घातलं. नवा पत्ता माहेरी कळवायचा राहिला असणार. तिला लिहिता येत नव्हतं आणि मुलगी अभ्यासात.

मी चौथी शिकलेली. कार्डावर फार मजकूर नव्हता. भावानं लिहिलं होतं, आई गेली, दहावा गुरुवारी आहे, निघून ये.

सासूबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "फाड आन् टाक नालीत."

"त्यांना कळायला पाहिजे ना."

"कळंल कुणाकडून तरी. तू काय डाकवाली हायस?"

मी फाडलं नाही, आतही नेलं नाही. बाहेरच्या भिंतीतली एक वीट निखळलेली होती, तिथं कार्ड खोचलं आणि वर दगड ठेवला.

संध्याकाळी आमचे मालक घरी आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बारावीचे पेपर चालू हायत. शनिवारी शेवटचा. रविवारी नेऊन दे."

"दहावा गुरुवारी हाय."

"मग? म्हातारी गेली ती गेली. पोरीचं वर्ष गेलं तर कोण भरून देईल, तू?"

त्यांचं बोलणं चूक नव्हतं. म्हणूनच मला काही सुचेना. बारावीच्या निकालानंतर आमच्या त्याच पुढच्या खोलीत रडणारी माणसं मी बघितली होती. सकाळी झाडताना, भांडी घासताना नजर भिंतीकडे जायची. वारा होता. दगडाखालून कार्डाची कड हलायची.

माझं माहेर भूकंपात गेलं. मला कार्ड आलं नाही. लिहायला घरात कुणी उरलंच नव्हतं. मालक बघून यायला गेले ते चिखलाच्या कपड्यांनी परत आले आणि पायरीवरच बसून राहिले, त्यावरून मी समजले. तोवर सगळ्यांचं उरकलं होतं. मला कुणाचं तोंड दिसलं नाही.

मंगळवारी भिंतीतलं कार्ड काढून घेतलं आणि दळणाला जाते म्हणून ज्वारीचा डबा काखेला मारून निघाले. मुलीचं परीक्षेचं केंद्र गल्लीतल्या भाडेकरू पोरांकडून मला कळलं होतं. चार माणसांत मी कधी जात नाही, आणि तिथं तर कितीतरी आया भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या, डबे घेऊन. मी लांबच थांबले. तिनंच मला बघितलं.

"अगंबाई, मालकीणबाई! लातूरच्या गिरण्या बंद पडल्या का? इकडं कुठं दळण घेऊन?"

बाजूच्या बाया हसल्या. मग तिची नजर माझ्या हातातल्या कार्डाकडे गेली. तिनं माझ्याकडून कार्ड घेतलं नाही, नुसतं विचारलं, "कुठलंय?"

"लोह्याचं."

"आई?"

मी मान हलवली.

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीला टेकून खाली बसली. बायांना कळलं. त्या उठून तिच्यापुढं उभ्या राहिल्या, वर्गाच्या खिडकीतून कुणाला दिसू नये म्हणून. थोड्या वेळानं तिनं तोंडातला पदर काढला.

"कशाला आणलंस गं? चार दिस थांबली असतीस तर पोरीचे पेपर सुखानं झाले असते. आता मी तिच्यापुढं कसं तोंड घेऊन बसू?"

मी घरून निघाले तेव्हा फक्त देण्याचा विचार केला होता, दिल्यावर तिचं काय होईल याचा नाही. मग मी बोलले, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"ताई, दहावा परवा हाय. तुम्ही जावा. पोरीपाशी मी राहते."

"आन् तुझी सासू?"

"सासूबाईंचं मी बघते."

सासूबाईंचं मी तोवर कधी काही बघितलं नव्हतं.

तिनं कार्ड घेतलं, फाडून तुकडे नालीत टाकले. मुलीच्या बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, तोंड धुतलं. बाटली आणि खोलीची किल्ली माझ्या हातात देत म्हणाली, "तिला सांग, बापाला बरं न्हाई... नको, बापाचं नाव नको. सांग, काढणीला बोलावलंय." आणि ती स्टँडकडे गेली, मागं न बघता.

गेट उघडलं. मुलगी बाहेर आली, इकडंतिकडं बघून माझ्यापाशी थांबली.

"काकू? आई कुठंय?"

"काढणीला बोलावलंय घरून. येतील दोन-चार दिवसांत."

तिनं माझ्या हातातली रिकामी बाटली बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली.

खोलीवरून तिची पुस्तकं घेऊन आम्ही घरी आलो. पुढची खोली रिकामीच होती. सासूबाईंनी डब्यातली तशीच ज्वारी बघितली, मुलीकडं बघितलं. मी कार्ड दिल्याचं आणि बाई गेल्याचं हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी नळ आला तेव्हा पहिली बादली त्यांनी स्वतः तापवली. "ए पोरी, आधी तू कर अंघोळ. मग माझं पाणी आधी का तुझं आधी म्हणून भांडू नको."

मुलगी हसली नाही. ती पुस्तक उघडून बसायची, पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ यायचा नाही. मी दारात शेंगा सोलत बसायचे आणि आवाजाची वाट बघायचे. गुरुवारी तिला पेपरला सोडून आले तेव्हा तिकडे दहावा चालला असेल असं मनात आलं. मालक माझ्याशी बोलत नव्हते.

शनिवारी ती शेवटचा पेपर देऊन बाहेर आली. तिनं पेन कंपासमध्ये ठेवलं, कंपास पिशवीत ठेवली. मग विचारलं, "काकू, आजी का मामा?"

"आजी."

"मला मंगळवारीच कळलं. काढणीसाठी आई मला गेटावर सोडून गेली असती व्हय?"

आई बसली होती त्याच भिंतीपाशी ती बसली आणि मोठ्यानं रडली. ते रडणं तिनं दोन पेपर पोटात ठेवलं होतं, आणि ते मीच तिच्यापर्यंत आणून पोचवलं होतं.

आई रविवारी आली. सामान बांधताना मला म्हणाली, "दहावा मिळाला." एवढंच. पेपर कसे गेले हे तिनं माझ्यादेखत मुलीला विचारलं नाही. मीही विचारलं नाही. त्या दोघी गावी गेल्या.

निकालाच्या दिवसांत मी पोस्टमनची सायकल वाजली की दाराशी जायचे. आमचा पत्ता त्यांच्याकडं होता. बरं का वाईट, त्यांचं काहीच आलं नाही.