खालून निवळलेलं पाणी

चहाला आधण आलं होतं आणि चावीकाका ओट्याशी टेकून पहाटेपासून दुखणारा गुडघा चोळत होते. तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, बडवलंच कुणीतरी.

गल्लीगल्लीला पाणी सोडायची लांब लोखंडी चावी सव्वीस वर्षं खांद्यावर वागवली, त्यामुळे त्यांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. दारात शेजारची शिंपीणबाई उभी. हातात पेला, पेल्यात पांढरंफटक पाणी.

"काका, आज नळाला दूध सोडलंत की काय? मग चमचाभर साखरही टाकायची!" बोलली ती थट्टेनंच, पण लगेच पेला पुढे केला. "नातीनं घोटभर प्यायलंय हो. काही होणार नाही ना?"

काकांना पहाटेची पावडर आठवली.

गावाच्या टाकीत जंतू मारायची पावडर घालायची त्यांची एक रीत होती. बादलीत कालवायची, टाकीत ओतायची आणि पत्र्याचं माप बादलीवर पालथं घालायचं. माप पालथं म्हणजे काम झालं. आज पहाटे अर्धी शिडी उतरल्यावर मनात आलं, टाकली का आपण? परत वर गेले. माप उताणंच होतं. म्हणून टाकली. आता मात्र हाताला दोनदा ओतल्यासारखं आठवत होतं. दोनदा ओतली, आणि माप पालथं घालायचंच राहिलं, असं तर नाही?

"अहो, बोला ना काहीतरी," बायको म्हणाली.

त्यांनी पेला घेतला, नाकाशी नेला, खिडकीच्या कट्ट्यावर उजेडात ठेवला. "हलवू नका. काल पाइप जोडला, तेव्हा आत हवा कोंडली असेल. ती पाण्यात मिसळते आणि नळातून बाहेर पडली की बारीक बुडबुडे होतात. हवा असेल तर पाणी खालून निवळत वर जाईल. पावडर असेल तर तळाशी बसेल."

तिघंही पेल्याकडे टक लावून बसली. चहा उतू गेला, तरी कुणी उठलं नाही. मग तळाशी बोटभर पाणी स्वच्छ झालं, दोन बोटं झालं, पांढरेपणा वर सरकत सरकत विरून गेला. तळ लख्ख.

"बाई गं! म्हणजे पोरीला हवाच पाजली मी!" शिंपीणबाईचा जीव भांड्यात पडला.

"पण मी सांगेपर्यंत कुणी नळाचं पाणी पिऊ नका. गल्लीतही सांगा."

"हवा आहे म्हणालात ना?"

काकांनी सदरा चढवला. गुंड्या खालीवर लागल्या. ते पेल्यातलं पाणी काल संध्याकाळी पाइपात भरून ठेवलेलं होतं. आज पहाटेचं पाणी अजून वाटेत असणार. दुखऱ्या गुडघ्यानं ते जवळजवळ पळाले. आधी चौकातल्या झडपेत चावी फिरवून पाणी तोडलं, मग शिडी चढले.

टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यांनी तपासणीच्या औषधाचे थेंब सोडले. रंग फिका पिवळा यायला हवा. नळी गर्द केशरी झाली, म्हणजे पावडर जास्त पडली होती. हातातून सुटेल म्हणून त्यांनी ती छातीशी धरली.

पाणीखात्याच्या साहेबांना त्यांनी स्वतःच फोन केला, काही न लपवता. साहेब आधी तडकले, मग म्हणाले, "वेळेत तोडलंत म्हणून घराघरात गेलं नाही. टाकी रिकामी करा." दुपारी शिंपीणबाईची नात गल्लीत दोरीवरच्या उड्या मारताना दिसली. काका तिच्याकडे बघत उंबऱ्यातच बसून राहिले.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. "झालं ना आता सगळं नीट? मग चेहरा का असा?"

"पाणी निवळलं गं. माझ्या डोक्यातलं काही निवळत नाही. एकदा टाकली की दोनदा, मला अजूनही आठवत नाही. उद्याही नाही आठवलं तर?"

तिनं तांब्या खाली ठेवला. ही भीती तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"माझं एक काम कर," ते म्हणाले. "उद्यापासून टाकीवर माझ्याबरोबर ये. वर चढू नकोस, शिडीपाशी उभी राहा. मी पावडर टाकली की वरून हाक मारीन. तू फक्त लक्षात ठेव."