मार्था दम घ्यायची तेव्हा

"मावशी, माय गेली." अनसिंगहून मार्थाच्या मुलाचा फोन आला आणि काही बोलण्याआधी मी खोल श्वास घेतला… ही खोड मला तिनंच लावलेली.

सत्तरच्या दशकात वाशिमला मिशनच्या दवाखान्यात आम्ही दोघी नर्सिंग शिकत होतो. एका वर्षी पाद्रीसाहेबांनी शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, गायला येशूच्या मरणावरची अडीचशे वर्षांपूर्वीची जर्मन रचना काढली. शब्द त्यांनीच मराठीत बसवले. चार वेगवेगळे सूर एकाच वेळी चालणारे, आणि बायकांच्या खालच्या सुराला आम्ही दोघीच. त्यात मार्था नुकती क्षयातून उठलेली. डॉक्टरांनी गायला साफ मनाई केली. आता तो सूर गळणार आणि सगळं गाणंच लंगडं पडणार, असं मी धरून चालले होते.

"गाईन तं मी गाईनच," मार्था म्हणाली. "तू दम घेशीन तवा मी सूर धरीन, मी घेईन तवा तू धर. लोकायले समजलं तं सांग!"

मग वॉर्डात बँडेजं गुंडाळतानाही आमचा तोच सराव. जिना चढताना तिला धाप लागायची, पण सूर सोडेल तर शपथ. शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले.

शुभ शुक्रवारी चर्च गच्च भरलं. चर्चला सतरंज्या देणारे जैन दुकानदार काकाजीही आले होते. येशूला कबरेत ठेवतात त्या शेवटच्या गाण्यात मला माझे नुकतेच गेलेले बाबा आठवले आणि ऐन माझ्या सूर धरायच्या वेळी हुंदका फुटला. मार्थानं तिरकं पाहिलं आणि दम न घेता गातच राहिली… गळ्याच्या शिरा ताठ, कपाळावर घाम, पण सूर हलला नाही. मी सावरून सूर उचलला, तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला.

बाहेर काकाजींनी विचारलं, "काहो बाई, तुमी दम घेता तरी कवा?"

"उसना घेतो, काकाजी. हिच्यापासून," असं म्हणून ती खोकत खोकत हसली. धादांत खोटं! त्या दिवशी उसना मी घेतला होता.

पुढे तिनं अनसिंगला नोकरी केली, संसार केला, पण दर शुभ शुक्रवारी ती एसटीनं वाशिमला यायची आणि आम्ही ते शेवटचं गाणं गायचो. यंदा ती नव्हती. लोक म्हणाले, राहू द्या. मी म्हटलं, गाईन तर मी गाईनच.

तिच्या श्वासाच्या जागी मी सवयीनं सूर लांबवला. मग माझ्या श्वासाची जागा आली. शेजारी कुणी नव्हतं. मी दम न घेता गातच राहिले.